आम्ल, बेस आणि फिनॉल वेगळे करताना: सेपरेटिंग फनेलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च उजाडला की फोनवर एकाच धाटणीचे मेसेज सुरू होतात. दोन थर असलेल्या सेपरेटिंग फनेलचा, म्हणजे खाली तोटी (स्टॉपकॉक) असलेल्या काचेच्या पात्राचा, फोटो आणि खाली एक ओळ: 'सर, यातला इथरचा कुठला?' सांगली, मिरज, तासगाव, विटा, कराड, कुठूनही आला तरी प्रश्न तोच. मी सांगलीत बी.एस्सी. आणि एम.एस्सी.च्या मुलांची ऑरगॅनिकची प्रॅक्टिकल घेतो. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. शाळेच्या पुस्तकातला 'आम्लारी' लॅबमध्ये कुणी म्हणत नाही, म्हणून इथेही 'बेस'च म्हटलं आहे.

१. सर, हे सगळं नेमकं कशावर चालतं?

रेणूवर भार आला की तो पाण्यात जातो, भार गेला की सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे इथरसारख्या पाण्यापासून वेगळा थर धरणाऱ्या द्रवात, परततो. बेंझोइक आम्ल २५ °से. ला लिटरभर पाण्यात जेमतेम ३.४ ग्रॅम विरघळतं. त्याचा सोडियम क्षार, म्हणजे सोडियम बेंझोएट, लिटरमध्ये ५०० ग्रॅमच्या वर विरघळतो. रेणू तोच, गेला फक्त एक प्रोटॉन. अमाइनचं, म्हणजे नायट्रोजनवाल्या बेसचं, उलटं असतं. त्याला प्रोटॉन मिळाला की भार येतो आणि ते पाण्यात उतरतं.

प्रोटॉन गेल्याने रेणूचं वागणं किती बदलतं, ते आपल्या घरात रोज दिसतं. शर्टावर हळदीचा डाग पडला आणि त्यावर साबण घासला की डाग लालभडक होतो. हळदीत चुना कालवून कुंकू करतात, तेही हेच. बेसने करक्युमिनचा प्रोटॉन काढला की रंग पालटतो. फनेलमध्ये रंग बदलेलच असं नाही, पण थर बदलतो.

२. कोणतं द्रावण कोणाला ओढून घेतं?

पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल अमाइनला. सोडियम बायकार्बोनेट कार्बॉक्सिलिक आम्लाला. सोडियम हायड्रॉक्साइड (लॅबमधलं 'कॉस्टिक') फिनॉलला, आणि आम्ल आधी काढलं नसेल तर त्यालाही. या तिघांनाही दाद न देता सॉल्व्हंटमध्ये उरतो तो उदासीन पदार्थ: नॅफ्थॅलीन, अँथ्रासीन, ॲसिटॅनिलाइड वगैरे. नियमाला अपवाद आहेत, ते १४ ते १६ मध्ये.

३. फिनॉलही आम्लच आहे ना? मग ते बायकार्बोनेटमध्ये का जात नाही?

कारण बायकार्बोनेट तेवढा जोरदार बेस नाही. बायकार्बोनेटने प्रोटॉन घेतला की कार्बोनिक आम्ल तयार होतं, त्याचा पीकेए (आम्लाचा जोर सांगणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जोरदार) साधारण ६.३५. बेंझोइक आम्लाचा ४.२०. फरक दोनाच्या वर, म्हणजे तोल बेंझोएटच्या बाजूला सुमारे १४० पटींनी झुकतो. शिवाय कार्बन डायऑक्साइड उडून जातो, त्यामुळे क्रिया आणखी पुढे ढकलली जाते. फिनॉलचा पीकेए १० च्या आसपास, २-नॅफ्थॉलचा ९.५. तिथे तोल उलटा, फिनॉलच्या बाबतीत हजारो पटींनी विरुद्ध. बायकार्बोनेटच्या द्रावणाचा पीएच ८.३ च्या आसपास असतो आणि त्यात फिनॉलचे शंभरातले दोनच रेणू आयन होतात.

फेस येणं हीच आम्लाची खूण. फेस नाही आणि कॉस्टिकमध्ये विरघळलं, तर फिनॉल समजा.

४. आधी कोणतं द्रावण घालायचं? क्रम चुकला तर?

बायकार्बोनेट नेहमी कॉस्टिकच्या आधी. कॉस्टिक आधी घातलं तर आम्ल आणि फिनॉल दोन्ही एकाच थरात उतरतात आणि त्यांना वेगळं करायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. हायड्रोक्लोरिक आम्ल सुरुवातीला घाला किंवा शेवटी, रसायनशास्त्राच्या दृष्टीने चालतं. मी सुरुवातीला घालायला सांगतो, कारण आम्ल आणि अमाइन एकाच सॉल्व्हंटमध्ये राहिली की आपसात क्षार बनवून मध्ये पांढरा गाळ धरू शकतात.

क्रम चुकलाच तर घाबरू नका. काहीही फेकलेलं नसेल तर सगळं सावरता येतं. कॉस्टिकच्या थरात दोन्ही गेली असतील, तर तो थर आम्लधर्मी करा, सॉल्व्हंटमध्ये परत काढा आणि आता बायकार्बोनेटने सुरू करा.

५. वरचा थर कुठला, खालचा कुठला?

घनतेवर ठरतं. इथर ०.७१, हेक्झेन ०.६६, टोल्युइन ०.८७, इथाइल ॲसिटेट ०.९०. ही सगळी पाण्यावर तरंगतात. डायक्लोरोमिथेन म्हणजे डीसीएम १.३३ आणि क्लोरोफॉर्म १.४९, हे दोघं तळाशी.

पण पाठांतरावर विसंबू नका. फनेलच्या तोंडातून ड्रॉपरने पाण्याचे दोन थेंब सोडा आणि डोळ्यांनी बघा. थेंब वरच्या थरात मिसळले तर तो पाण्याचा. थेंब वरचा थर भेदून खाली गेले तर खालचा पाण्याचा. पाच सेकंदांचं काम आहे.

आणि शेवटचा पदार्थ सुकून, वजन होऊन, मेल्टिंग पॉइंट लागेपर्यंत एकही थर बेसिनमध्ये ओतायचा नाही. प्रत्येक कोनिकल फ्लास्कवर पेन्सिलने 'एचसीएल धुतलेलं', 'बायकार्ब' असं लिहा. 'वरचा', 'खालचा' असं लिहू नका. पुढच्या पायरीला सॉल्व्हंट बदलला की त्याला अर्थ राहत नाही.

६. इथर घेऊ की इथाइल ॲसिटेट? आमच्याकडे दोन्ही आहेत.

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या मॅन्युअलमधून सुटत नाही, कारण इथर ३४.६ °से. ला उकळतो आणि आपल्याकडे प्रॅक्टिकल परीक्षा नेमक्या उन्हाळ्यात येतात. एप्रिलच्या दुपारी सांगलीच्या पत्र्याच्या छताखालच्या लॅबमध्ये पारा त्याच्या वर असतो. बाटलीचं झाकण उघडताना फुस्स आवाज येतो, मोजपात्रात ओतलेलं ५० मिली फनेलपर्यंत ४५ होतं. वर त्याची वाफ हवेच्या अडीच पट जड असते. ती टेबलावरून सरकत जाते आणि जाळ पेटलेला नसला तरी तापलेल्या हॉटप्लेटवर भडकू शकते, कारण इथर २०० अंशांच्या आतच आपोआप पेट घेतो. उघड्या, जुन्या इथरमध्ये पेरॉक्साइड साठतात, त्याची धास्ती वेगळीच. फेब्रुवारीपर्यंत सकाळच्या बॅचला, सगळे बर्नर बंद ठेवून आणि पेरॉक्साइड तपासून, इथर ठीक. त्यानंतर मी काढतच नाही.

इथाइल ॲसिटेट ७७ °से. ला उकळतं, स्वस्त आहे, उन्हाळ्यात हाताळता येतं. त्याच्या दोन खोडी आहेत. एक, ते पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं, १०० मिलीमध्ये सुमारे ८ ग्रॅम. म्हणून पाण्याच्या थरात मीठ घालावं लागतं आणि आम्लाचा साका (अवक्षेप) पाडण्याआधी बीकर जरा कोमट करून त्यातलं इथाइल ॲसिटेट उडवावं लागतं. दुसरी खोड गंभीर: तो एस्टर आहे. १० टक्के कॉस्टिकबरोबर हलवत राहिलात तर फनेल हाताला कोमट लागतं. एस्टर फुटून सोडियम ॲसिटेट आणि इथेनॉल होतंय, त्याची ती ऊब. तुमचं कॉस्टिक फिनॉलऐवजी सॉल्व्हंटवर खर्च होतंय.

माझा सल्ला असा: हायड्रोक्लोरिक आम्ल आणि बायकार्बोनेटच्या पायऱ्या इथाइल ॲसिटेटमध्ये बिनधास्त करा. कॉस्टिकची पायरी असेल तर ५ टक्क्यांचं द्रावण बर्फात गार करून, झटपट करा. मिश्रणात फिनॉल आहे हे आधीच कळलं असेल तर सरळ डीसीएम घ्या. तेही ४० °से. ला उकळतं, म्हणून बाटली बर्फात ठेवा आणि काम फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफ बाहेर ओढणाऱ्या कपाटातच, करा.

७. फनेलचं टोपण उडालं. काय चुकलं?

गॅस सोडला नाही. हिशोब करून बघा. १ ग्रॅम बेंझोइक आम्ल म्हणजे ८.२ मिलिमोल, त्यातून खोलीच्या तापमानाला सुमारे २०० मिली कार्बन डायऑक्साइड निघतो. २५० मिलीच्या फनेलमध्ये १०० मिली द्रव असेल तर रिकामी जागा दीडशेच्या आसपास. एवढ्याशा जागेत तो सगळा गॅस आणि त्यात सॉल्व्हंटची वाफ.

एका परीक्षेत बहिःस्थ परीक्षक म्हणून गेलो होतो. एका मुलीने बायकार्बोनेट ओतलं, लगेच टोपण लावलं आणि पुस्तकात असतं तसं जोरात हलवलं. टोपण छताला लागून फुटलं आणि अर्धं मिश्रण तिच्या ओढणीवर गेलं. गॉगल होता म्हणून डोळे वाचले. तिला ती पायरी कुणी करून दाखवली नव्हती. मी त्या दिवशी गुण तसेच ठेवले, कारण चूक शिकवणाऱ्यांची होती.

पद्धत अशी. बायकार्बोनेट ओता, टोपण न लावता फनेल स्टँडवरच गोल फिरवा, फेस ओसरू द्या. मग टोपण लावा, तळवा टोपणावर दाबून फनेल उलटं करा, नळी वर आणि कुणाच्याही तोंडाकडे नाही, अशी धरून स्टॉपकॉक उघडा. फुस्स. बंद करा, एकदा हलकं हलवा, पुन्हा उघडा. आवाज येईनासा झाला की मगच जोर लावा. थर सोडताना टोपण काढायला विसरू नका, नाहीतर खालून थेंबही पडत नाही आणि मुलं स्टॉपकॉक अडकला म्हणून तो पिळत बसतात.

८. १०० मिली सॉल्व्हंट एकदाच वापरलं तर काय बिघडतं? चार वेळा २५ मिली कशाला?

नेर्न्स्टने १८९१ मध्ये मांडलेला वितरणाचा नियम वापरून आकडे काढा. पदार्थ पाण्यापेक्षा सॉल्व्हंटला चारपट पसंत करतो आणि पाणी १०० मिली आहे असं धरा. १०० मिली सॉल्व्हंट एका दमात वापरलं तर पाण्यात २० टक्के उरतं. तेच ५०-५० असं दोनदा वापरलं तर ११ टक्के. २५ मिली चार वेळा वापरलं तर ६.२५ टक्के. सॉल्व्हंट तेवढंच, पण मागे राहिलेला माल तिपटीने कमी. कितीही बारीक तुकडे केले तरी २ टक्क्यांच्या फार खाली जात नाही, म्हणून तीन-चार वेळा पुरे.

एम.एस्सी.च्या मुलांसाठी एक पुरवणी. बेंझोइक आम्ल बेंझीनमध्ये जोडीने राहतं, डायमर बनवून. त्यामुळे साधं गुणोत्तर स्थिर येत नाही, बेंझीनमधल्या संहतीचं वर्गमूळ घ्यावं लागतं. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

९. मध्येच दुधासारखा थर बसलाय, वेगळाच होत नाही.

इमल्शन. हळद, चहा किंवा तेलकट बियांवर काम करताना हमखास होतं, आणि कॉस्टिकबरोबर जोरात हलवलं की जास्तच. आधी दहा मिनिटं हात लावू नका. मग मिठाचं संपृक्त द्रावण घाला आणि फनेल न हलवता गोल फिरवा. तरी नाही फुटलं तर अल्कोहोलचे चार-पाच थेंब. तरीही अडलं तर सगळं कापसाच्या बोळ्यातून किंवा सेलाइटच्या (गाळायच्या बारीक पुडीच्या) पातळ थरातून गाळा, बारीक कण गेले की थर सुटतात.

बोअरचं पाणी वापरत असाल तर थांबा. त्यातलं कॅल्शियम लांब साखळीच्या आम्लांबरोबर चिकट साय धरतं, अगदी बादलीत साबणाचा मळ धरतो तसा. डिस्टिल्ड पाणी घ्या.

थरांमध्ये दूध नसून पांढरे कण दिसत असतील तर ते इमल्शन नाही. तो तुमचाच क्षार आहे, पाणी अपुरं पडल्याने बाहेर पडलेला. पॅरा-टोल्युइडिनला सांद्र हायड्रोक्लोरिक आम्ल जास्त घातलं की असं होतं. ५-१० मिली पाणी घाला, विरघळून जाईल.

१०. बायकार्बोनेटचा थर आम्ल केला, लिटमस लाल झाला, तरी साका अगदी थोडा. आम्ल गेलं कुठे?

मला येणाऱ्या प्रश्नांत हा सगळ्यात जास्त गुण घालवणारा. आम्ल कुठेही गेलेलं नाही, ते त्याच बीकरमध्ये बेंझोएट होऊन बसलंय.

लिटमसचा रंग साधारण पीएच ८.३ पासून ४.५ पर्यंत बदलतो. ४.५ ला कागद लाल दिसतो आणि मुलं ड्रॉपर खाली ठेवतात. बेंझोइक आम्लाचा पीकेए ४.२. म्हणजे पीएच ४.५ ला त्यातलं दोन-तृतीयांश अजून आयन आहे, विरघळलेलं. पीएच २.२ ला ९९ टक्के मोकळं होतं. म्हणून पीएच पेपर वापरा आणि २ पर्यंत जा. पीएच पेपर नसेल तर काँगो रेडचा कागद निळा होईपर्यंत आम्ल घाला, तो ३ च्या आसपास निळा होतो. त्यानंतर आणखी थोडं घाला.

किती आम्ल लागेल याचाही आधी अंदाज काढा. ३० मिली १० टक्के कॉस्टिक म्हणजे ७५ मिलिमोल. ते फक्त मारायलाच १२ नॉर्मल (लिटरला १२ मोल) हायड्रोक्लोरिक आम्लाचे सव्वासहा मिली लागतात, पदार्थाचा प्रोटॉन त्यानंतर. दोन ड्रॉपर घालून 'साका येत नाही' म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा वहीत करावं. आम्ल सावकाश घाला, बीकर बर्फात ठेवा आणि काचेच्या कांडीने ढवळत राहा. थेंब पडतो तिथे पांढरा धूर उठल्यासारखा दिसतो आणि ढवळल्यावर विरतो. तो विरायचा थांबला की साका सुरू झाला.

११. अमाइन परत काढताना कॉस्टिक घातलं, पण साका न येता तेल तरंगतंय.

ते बरोबर आहे. अनिलीन द्रवच असतं, साका येणार कुठून? शिवाय अनिलीन १०० मिली पाण्यात ३.६ ग्रॅम विरघळतं, म्हणून माल थोडा असेल तर तेलही दिसणार नाही. पाण्यात मीठ घाला आणि सॉल्व्हंटने तीनदा काढा. पॅरा-टोल्युइडिन ४४ °से. ला वितळतं, ते गरम द्रावणात तेल दिसतं आणि बर्फात ठेवल्यावर घट्ट होतं.

इथे पीएचचा नियम उलटा लावायचा. अनिलीनच्या आयनाचा पीकेए ४.६, त्यामुळे लिटमस निळा झाला तरी पुरतं. साखळीच्या अमाइनांचा पीकेए १०.६ च्या आसपास असतो, तिथे १२ च्या वर जावं लागतं. लिटमसवर थांबलात तर जवळजवळ सगळं पाण्यातच राहील.

१२. १ ग्रॅम आम्लातून अर्धा ग्रॅमच हाती आला. एवढी तूट कशी?

पहिलं कारण १० मध्ये आलं. दुसरं, साका धुताना नळाखाली धरलेलं फनेल. १ मध्ये दिलेला आकडा आठवा: लिटरला ३.४ ग्रॅम. म्हणजे साध्या तापमानाच्या १०० मिली पाण्याने धुतलं की एक तृतीयांश ग्रॅमपर्यंत माल गाळणीखाली जाऊ शकतो. शून्य अंशाच्या पाण्यात विद्राव्यता निम्म्यावर येते. बर्फाचं पाणी, ५ मिली, दोनदा. बस्स.

१३. मेल्टिंग पॉइंट १२२ आला, म्हणजे बेंझोइक आम्लच ना?

घाई करू नका. २-नॅफ्थॉलही १२२ च्या आसपासच वितळतं, आणि ही दोन्ही एकाच मिश्रणात देणं हा परीक्षकांचा आवडता डाव आहे. फेस बघा, बायकार्बोनेटमध्ये फक्त बेंझोइक आम्ल फसफसतं. डायझोनियमच्या द्रावणात २-नॅफ्थॉल केशरी-लाल रंग देतं, बेंझोइक देत नाही. आणि सगळ्यात खात्रीचं: तुमचा नमुना आणि बाटलीतलं शुद्ध बेंझोइक आम्ल समप्रमाणात खलात घोटून पुन्हा मेल्टिंग पॉइंट काढा. तोच आला तर दोन्ही एकच. खाली घसरला आणि पसरट झाला तर पदार्थ वेगळे.

१४. पॅरा-नायट्रोफिनॉल बायकार्बोनेटमध्ये पिवळं का उतरलं? आणि नायट्रोअनिलीन आम्लात का उतरत नाही?

नायट्रो गट इलेक्ट्रॉन ओढून घेतो, त्यामुळे आम्ल जास्त आम्ल होतं आणि बेस कमी बेस. फिनॉलचा पीकेए १०, पॅरा-नायट्रोफिनॉलचा ७.१५, २,४-डायनायट्रोफिनॉलचा ४.१, पिक्रिक आम्लाचा ०.४. शेवटची दोन बायकार्बोनेटमध्ये सरळ जातात. पॅरा-नायट्रोफिनॉल अर्धवट जातं, दोन्ही थरांत विभागून बसतं आणि दोन्हीकडे गोंधळ घालतं. पिवळा रंग दिसला की सावध व्हा.

नायट्रोअनिलिनांत मेटाचा पीकेए २.५, पॅराचा १.०, ऑर्थोचा उणे ०.३. पॅरा-नायट्रोअनिलीन २ नॉर्मल आम्लात ९५ टक्के आयन होतं, तरी एका धुण्यात जेमतेम निम्मं उतरतं. कारण उरलेल्या ५ टक्क्यांना सॉल्व्हंटची एवढी ओढ असते की ते तिकडे गेले की तोल सांभाळायला आणखी रेणू भार सोडून त्यांच्या मागे जातात. म्हणून 'पीएच पीकेएपासून दोन एककं लांब' हा पुस्तकी नियम मी किमान मानतो आणि तीन-चार एककं सांगतो. पॅरासाठी ६ नॉर्मल आम्ल, तीन वेळा.

१५. पदार्थ अमाइन आहे, तरी हायड्रोक्लोरिक आम्लात गेला नाही. पदार्थ फिनॉल आहे, तरी कॉस्टिकमध्ये गेला नाही. असं कसं?

नावात अमाइन असलं म्हणून नायट्रोजनची जोडी मोकळी असेलच असं नाही. डायफिनाइलअमाइनमध्ये ती दोन रिंगांत वाटली गेलेली असते, पीकेए ०.८ च्या आसपास, पातळ आम्लाला दाद देत नाही. ॲसिटॅनिलाइड तर अमाइडच, ते उदासीन धरायचं. चहातल्या कॅफिनला सगळे अल्कलॉइड म्हणतात, पण त्याच्या आयनाचा पीकेए ०.६. आम्लधर्मी पाण्यातूनही डीसीएम त्याला खेचून नेतं. चहाच्या प्रयोगात सोडियम कार्बोनेट घालतात ते कॅफिनसाठी नाही, टॅनिनं पाण्यात अडकून राहावीत म्हणून.

फिनॉलच्या बाजूला बीएचटी (तेल खवट होऊ नये म्हणून घालतात ते फिनॉल) बघा. त्याच्या ओएच गटाच्या दोन्ही बाजूंना मोठे गट पहारा देतात, पातळ कॉस्टिक तिथे पोचत नाही.

आणखी एक फसवी गोष्ट: काही अमाइनांची हायड्रोक्लोराइडं क्लोरोफॉर्म आणि डीसीएममध्येच विरघळतात. अमाइन गेलं नाही असं वाटतं, प्रत्यक्षात ते क्षार बनूनही तिथेच बसलेलं असतं. तिथे पातळ सल्फ्युरिक आम्ल वापरा.

१६. अँथ्रानिलिक आम्ल आम्लातही विरघळतं, बायकार्बोनेटमध्येही. मग काढायचं कसं?

त्यात आम्ल आणि अमाइन दोन्ही गट आहेत, पीकेए सुमारे २.१ आणि ४.९. पीएच १ ला धन भार, पीएच ८ ला ऋण भार. मधल्या ३.५ च्या आसपास ते सगळ्यात कमी विरघळतं, तिथेच थांबून साका पाडायचा. मुलं सवयीने २ च्या खाली जातात आणि समोर आलेला साका डोळ्यांदेखत परत विरघळतो. असं झालं तर सोडियम ॲसिटेटचं द्रावण थोडं थोडं घाला, साका परत येतो. ग्लायसीनसारखी साधी अमिनो आम्लं मात्र कुठल्याच पीएचला इथरमध्ये येत नाहीत. त्यांच्यासाठी हा मार्गच नाही.

१७. डोकेदुखीच्या गोळीतलं ॲस्पिरिन, पॅरासिटामॉल आणि कॅफिन असंच वेगळं होईल का?

होतं, आणि टर्नरी, म्हणजे तीन पदार्थांच्या, मिश्रणाचा हा छान सराव आहे. ॲस्पिरिनचा पीकेए ३.५, ते बायकार्बोनेटमध्ये जातं. पॅरासिटामॉलचा ९.५, ते फिनॉलसारखं वागतं. कॅफिन १५ मध्ये सांगितलं तसं उदासीनासारखं. पण ॲस्पिरिनला कॉस्टिक दाखवू नका. त्यातला एस्टर फुटून सॅलिसिलिक आम्ल होतं आणि १३५ च्या जागी १५९ कडे मेल्टिंग पॉइंट सरकायला लागतो. बायकार्बोनेट, तेही गार, आणि लगेच आम्ल घालून परत काढा.

१८. आपल्या सांगलीच्या हळदीतून करक्युमिन कॉस्टिकने काढता येईल का? प्रोजेक्टला घेतोय.

दर वर्षी दोन-तीन गट हे विचारतात आणि मला त्याचं कौतुक वाटतं. हळदीचा बाजार दाराशी आहे, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण कॉस्टिकने काढू नका.

कागदावर सगळं जुळतं. करक्युमिनचे प्रोटॉन पीएच ८ च्या पुढे सुटू लागतात, कॉस्टिकमध्ये ते लाल होऊन उतरतं, आम्ल घातलं की पिवळा साका. पण बेसमध्ये करक्युमिन टिकत नाही. पीएच ७.२ च्या बफरमध्ये, ३७ °से. ला, अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के मोडतं आणि त्यातून फेरुलिक आम्ल, व्हॅनिलिन अशी तुकड्यांची गर्दी होते. टीएलसी (पातळ थरावर घटक वेगळे करून दाखवणारी चाचणी) लावली तर एका ठिपक्याच्या जागी शेपटी दिसते.

त्याऐवजी वाळलेल्या हळदीची पूड आधी हेक्झेनने धुवा, म्हणजे तेल निघून जाईल. मग ॲसिटोन किंवा इथाइल ॲसिटेटने काढा, सॉल्व्हंट उडवा आणि अल्कोहोलमधून स्फटिक करा. हळदीत करक्युमिनॉइडं साधारण ३ ते ५ टक्के असतात, तेव्हा १० ग्रॅम पुडीतून पाव ग्रॅम शुद्ध मिळालं तरी समाधान माना. प्रोजेक्टमध्ये आम्ल-बेसचा भाग हवाच असेल तर टेस्ट ट्यूबमध्ये रंगबदल दाखवा आणि दर पाच मिनिटांनी टीएलसी लावून मोडतोड नोंदवा. तो जास्त चांगला प्रोजेक्ट होईल.

१९. सॉल्व्हंटचा थर सुकवायला सोडियम सल्फेट घातलं, तरी पाणी राहतं.

तापमान बघा. सोडियम सल्फेट दहा रेणू पाणी धरून ठेवतं, पण फक्त ३२.४ °से. पर्यंत. त्याच्या वर ते पाणी सोडून देतं. एप्रिलमध्ये आपली लॅब त्याच्या वरच असते. कोनिकल बर्फात ठेवून सुकवा किंवा मॅग्नेशियम सल्फेट घ्या. कॅल्शियम क्लोराइड अमाइन, फिनॉल आणि अल्कोहोल यांना धरून बसतं, ते इथे नको.

२०. उरलेलं सॉल्व्हंट बेसिनमध्ये ओतलं तर चालतं का? सगळेच ओततात.

नाही. इथर गटारात वाफ होऊन दुसऱ्याच टोकाला पेट घेऊ शकतो, आणि डीसीएम-क्लोरोफॉर्म शेवटी जातात ते कृष्णेकडेच. दोन बाटल्या ठेवा: एक क्लोरीनवाल्या सॉल्व्हंटची, एक बाकीची. दोन्ही कधी मिसळू नका. विशेषतः क्लोरोफॉर्म, ॲसिटोन आणि कॉस्टिक हे तिघं एका बाटलीत आले तर जोरदार उष्णता निघते आणि बाटली फुटू शकते. फनेल ॲसिटोनने विसळून ते ॲसिटोन क्लोरोफॉर्मच्या बाटलीत टाकलं की असाच अपघात होतो.

२१. कारखान्यात पण असंच हलवतात का?

तत्त्व तेच, हलवणं वेगळं. एक टाकी ढवळते, दुसरीत थर स्थिरावतात, आणि माल एकीकडून दुसरीकडे वाहत राहतो. पेनिसिलिन याच रीतीने काढतात. त्याचा पीकेए २.७५, म्हणून द्रावण गार करून पीएच २ ते २.५ ला आणतात, ब्युटाइल ॲसिटेटमध्ये घेतात आणि लगेच पीएच ७ च्या पाण्यात परत उतरवतात. आम्लात पेनिसिलिन मोडतं, म्हणून ही घाई, आणि म्हणूनच तिथे थर आपोआप बसायची वाट न पाहता सेंट्रिफ्यूजने वेगळे करतात.

२२. आमच्याकडे तीस मुलांत सहाच फनेलं आहेत. घरच्या सरावाला तर एकही नाही.

घरी नको, पण लॅबमध्ये फनेलशिवायही होतं. स्क्रू झाकणाची १५ मिलीची ट्यूब घ्या. १०० मिलिग्रॅम मिश्रण, ३ मिली सॉल्व्हंट, २ मिली बायकार्बोनेट. झाकण लावण्याआधी फेस ओसरू द्या, हलवा, झाकण सैल करून गॅस सोडा, पुन्हा हलवा. मग लांब ड्रॉपरचं टोक तळाला टेकवून खालचा थर ओढून घ्या. ड्रॉपर आत घालतानाच फुगा दाबलेला ठेवा, द्रवात दाबलात तर बुडबुडे थर पुन्हा ढवळतात. थरांची रेघ ड्रॉपरच्या टोकाशी आली की थांबा आणि तो शेवटचा थेंब ट्यूबमध्येच राहू द्या.